जुजित्सूच्या स्पर्धेत गुण नेमके कशाचे मिळतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिलीच स्पर्धा, व्हाइट बेल्ट (नवख्यांचा पट्टा), गी (जुजित्सूचा जाड पोशाख) घालून ५ मिनिटांची लढत. समोरच्याने सुरुवातीलाच गार्ड ओढला, म्हणजे तुम्हाला धरून स्वतःच खाली बसला, पाय मध्ये घेतले आणि पाठीवर गेला. चार मिनिटांहून जास्त वेळ तुम्ही वर होतात. दोनदा त्याचे पाय ओलांडून बाजूलाही पोहोचलात. शेवटच्या मिनिटात त्याने तुम्हाला एकदाच उलटवलं आणि बोर्डावर ०–२ लागलं. तुमच्या नावापुढे दोन ॲडव्हान्टेज (थोडक्यात हुकलेल्या डावांची नोंद) होते, तरी हरलात. निकाल बरोबर होता का? आणि दुसऱ्या पासच्या, म्हणजे पाय ओलांडण्याच्या, वेळी गुणांसाठी लागणारे तीन सेकंद भरले होते असं तुम्हाला वाटतं, तर तक्रार करता आली असती का?

तुम्ही सांगता तसंच घडलं असेल, तर निकाल बरोबर होता. मी बरीच वर्षं मॅटवर रेफरी म्हणून उभा राहतो आणि मॅटच्या कडेला कोच म्हणून बसतो. नवख्या स्पर्धकाला सर्वात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो. वर राहायला ताकद लागते, दम लागतो, आणि त्याचे गुण शून्य. हे अन्यायाचं वाटतं, कारण नियमांमागचा विचार त्याला कोणी सांगितलेला नसतो. तो एकदा कळला की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

आधी एक खुलासा. जुजित्सूच्या स्पर्धा एकाच नियमावलीवर होत नाहीत. तुमच्या बोर्डावर ॲडव्हान्टेजचा रकाना होता, म्हणजे ती स्पर्धा आयबीजेजेएफच्या, अर्थात आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जुजित्सू महासंघाच्या नियमांवर किंवा त्यांच्या नकलेवर चालली होती. हौशी खेळाडूंच्या गीमधल्या बहुतेक स्पर्धा अशाच चालतात. म्हणून आधी त्याच नियमांबद्दल लिहितो, बाकीच्यांबद्दल पुढे.

कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की निकाल लागतो. आपल्या डोक्यात तेच बसलेलं असतं, खाली गेला तो हरतोय. जुजित्सूत पाठीवर असलेल्या माणसाचे पाय तुमच्या आणि त्याच्या धडाच्या मध्ये असतील, तर तो गार्डमध्ये आहे आणि गार्ड ही लढायची जागा आहे. तिथून तो चोक लावू शकतो (गळा आवळू शकतो), आर्मबार काढू शकतो (कोपर ताणू शकतो), ट्रँगलमध्ये, म्हणजे पायांच्या त्रिकोणात, मान पकडू शकतो, तुम्हाला उलटवू शकतो. त्यामुळे नियमांच्या लेखी गार्डमधला वरचा आणि खालचा, दोघंही बरोबरीत. चार मिनिटं तुम्ही त्याच्या गार्डमध्ये वर होतात, म्हणजे चार मिनिटं सामना बरोबरीत होता.

आता गुण. टेकडाउनला (उभ्याने खाली पाडणं) २, स्वीपला (खालून उलटवून वर येणं) २, नी-ऑन-बेलीला (पोटावर गुडघा) २, गार्ड पासला (पाय ओलांडून बाजूला जाणं) ३, माउंटला (छातीवर बसणं) ४, बॅक कंट्रोलला (पाठीला चिकटून ताबा) ४. हे आकडे मनाला येईल तसे ठरवलेले नाहीत. समोरच्याला टॅप करायला, म्हणजे थोपटून हार मानायला, लावण्याच्या किंवा खरोखरच्या मारामारीत त्याला निष्प्रभ करण्याच्या तुम्ही किती जवळ पोहोचलात, त्याचं हे मोजमाप आहे. जमिनीवर आणलं, म्हणजे सुरुवात झाली. पाय ओलांडले, म्हणजे त्याचं मुख्य हत्यार निकामी केलं, म्हणून ३. छातीवर बसलात किंवा दोन्ही पाय आत अडकवून पाठीला चिकटलात, तर आता त्याच्याकडे निसटण्याखेरीज फारसं काही उरलं नाही, म्हणून ४. आणि समोरच्याने टॅप केलं तर बोर्डावरचे सगळे आकडे रद्द. तुम्ही ०–१५ ने मागे असलात तरी शेवटच्या सेकंदाला चोक लागला तर सामना तुमचा.

या प्रत्येक स्थितीला तीन सेकंदांची अट आहे आणि तुमचा सामना तिथेच गेला. पाय ओलांडून बाजूला पोहोचणं म्हणजे पास पूर्ण होणं नव्हे. पोहोचल्यावर समोरच्याला पाठीवर किंवा कुशीवर तीन सेकंद धरून ठेवायचं असतं. त्या वेळात रेफरी काय पाहतो तेही सांगतो. खालच्याचा गुडघा तुमच्या पोटाशी परत आला का? तो वळून गुडघ्यांवर आला का? तुमचं वजन त्याच्यावर स्थिरावलंय की तुम्ही अजून घसरताय? तो धडपडत असला तरी हरकत नाही, धडपडणारच. पण दोन सेकंदांनी त्याने गुडघा आत घालून गार्ड पुन्हा बांधला, तर पास झाला नाही, पास होता होता राहिला. त्याचं एक ॲडव्हान्टेज. तुमच्या खात्यातली दोन ॲडव्हान्टेज नेमकी इथूनच आलेली दिसतात.

माझ्या मते ही तीन सेकंदांची अट हा या नियमावलीतला सर्वात शहाणा भाग आहे. ती नसती तर सामने उड्यांचे झाले असते. क्षणभर बाजूला जायचं, ३ गुण घ्यायचे, परत आत पडायचं, पुन्हा बाहेर. जागा मिळवणं आणि जागा राखणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि क्लासमध्ये आपण पहिल्यावर फार वेळ घालवतो. पासचा डाव शंभरदा घोटतो आणि पास झाल्या झाल्या उठून पुन्हा सुरुवात करतो. हा सराव तुमच्यासारख्या चांगल्या पास करणाऱ्यालाही स्पर्धेत रिकाम्या हाती ठेवतो. प्रत्येक पासनंतर कंबर खाली, डोकं समोरच्याच्या जबड्याशी, त्याच्या जवळच्या कमरेवर हात किंवा गुडघा, आणि मनात तीनऐवजी पाच आकडे. पाच अशासाठी, की तुमची मोजणी रेफरीपेक्षा नेहमी वेगाने चालते. दमलेल्या माणसाचे सेकंद छोटे होतात.

एक सवलत मात्र आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. एकामागोमाग एक स्थिती मिळत गेल्या तर प्रत्येक ठिकाणी थांबून तीन सेकंद मोजावे लागत नाहीत. गार्ड पास करून थांबला नाहीत, थेट माउंटवर गेलात आणि तिथे तीन सेकंद राहिलात, तर ३ आणि ४ मिळून ७ गुण एकदम. त्यामुळे बाजूला टिकता येत नसेल आणि समोरचा तुमच्याकडे वळत असेल, तेव्हा कधी कधी पुढे सरकणं जास्त सोपं पडतं. पण एकच जागा मुद्दाम सोडून परत तीच घेतली, तर नवे गुण नाहीत.

आणखी एक अट. तुम्ही पास पूर्ण केलात, पण त्याच वेळी त्याने तुमच्या गळ्यात चोक पक्का बसवलेला असेल, तर मोजणी सुरूच होत नाही. आधी गळा सोडवायचा, मग तीन सेकंद. पहिल्या पासच्या वेळी त्याचा हात तुमच्या कॉलरमध्ये खोलवर होता असं तुम्ही लिहिलंय. पकड खरोखर धोक्याची असेल तर रेफरी त्यासाठीही थांबला असेल.

आता त्याचे २ गुण. स्वीपचे गुण मिळायला दोन गोष्टी लागतात. सुरुवात गार्डमधून किंवा हाफ गार्डमधून (वरच्याचा एकच पाय पायांत अडकवलेला) व्हायला हवी आणि वर आल्यावर तीन सेकंद वर राहायला हवं. त्याने दोन्ही केलं. इथे नवख्यांना चकवणारा एक मुद्दा आहे. तुमच्या छातीवर कोणी माउंट घेऊन बसला असेल आणि तुम्ही ब्रिज मारून, म्हणजे कंबर जोरात उचलून, त्याला उलटवून वर आलात, तर गुण शून्य. प्रेक्षकांतून टाळ्या पडतात, बोर्ड हलत नाही. कारण तुम्ही गार्डमधून निघाला नव्हतात. वाईट जागेतून सुटलात, एवढंच. सुटकेचे गुण या नियमांत नाहीत. मला हे थोडं कठोर वाटतं, कारण माउंटमधून सुटणं हे खालून स्वीप करण्याइतकंच अवघड आहे. पण गुण पुढे सरकण्याचे आहेत हे धरलं तर सुसंगत आहे. वाईट जागी तुम्ही पोहोचलातच, त्याची किंमत समोरच्याने आधीच वसूल केलेली असते.

तुमच्या सामन्यात खरी संधी मला पहिल्या काही सेकंदांत दिसते. त्याने गार्ड ओढला. गार्ड ओढण्याचे कोणालाच गुण नाहीत, त्यालाही नाहीत आणि तुम्हालाही. पण तो ओढण्याआधी तुम्ही त्याची पँट किंवा पाय पकडून टेकडाउन सुरू केलेला असेल आणि मग तो खाली बसला, तर वर तीन सेकंद राहिल्यावर ते टेकडाउनचे २ गुण तुमचे. गार्ड ओढणारा स्पर्धक सहसा पहिल्या दहा सेकंदांत ओढतो. समोर असा स्पर्धक आहे हे माहीत असेल तर कॉलरसोबत दुसरा हात गुडघ्याजवळच्या पँटवर लगेच गेला पाहिजे. आणि काहीही न पकडता नुसतं खाली बसणं हा फाउल आहे, त्याची पेनल्टी बसते. दोघांनी एकाच वेळी गार्ड ओढला तर रेफरी २० सेकंद देतो. तेवढ्यात कोणीच वर आलं नाही की दोघांनाही पेनल्टी आणि पुन्हा उभ्याने सुरुवात.

ॲडव्हान्टेज म्हणजे अर्धा गुण किंवा पाव गुण अशी अनेकांची समजूत असते. तसं नाही. ॲडव्हान्टेज कितीही जमले तरी त्यांचा गुण होत नाही. गुण बरोबरीत असतील तरच ॲडव्हान्टेज पाहतात. तेही सारखे असतील तर कोणाच्या पेनल्टी कमी हे पाहतात आणि तिथेही बरोबरी असेल तर रेफरी निर्णय देतो. म्हणून तुमची दोन ॲडव्हान्टेज त्याच्या एका स्वीपपुढे निरुपयोगी ठरली. स्वीप होईपर्यंत मात्र तुम्ही त्यांच्याच जोरावर जिंकत होतात. याचा अर्थ शेवटच्या मिनिटात तुम्हाला पास करायला धावायची गरज नव्हती, त्याला जोखीम घ्यायची गरज होती. कोच बाजूला असेल तर त्याचं पहिलं काम हेच असतं, बोर्ड पाहणं आणि कोण पुढे आहे, किती वेळ उरलाय ते ओरडून सांगणं. स्पर्धकाला मॅटवरून बोर्ड दिसला तरी वाचता येत नाही, डोकं तेवढं रिकामं नसतं.

सबमिशनच्या, म्हणजे टॅप करायला लावणाऱ्या पकडीच्या, प्रयत्नालाही ॲडव्हान्टेज मिळतं, पण धोका खरा हवा. हात नुसता लांब केला, समोरचा शांतपणे बसलाय, असं असेल तर नाही. कोपर सरळ होत आलंय, तो धडपडून निसटला, तर हो. इथे रेफरीच्या नजरेचा भाग येतो आणि दोन चांगले रेफरी वेगळं मत देऊ शकतात. ॲडव्हान्टेजवर उभा असलेला सामना म्हणजे दुसऱ्याच्या मतावर उभा असलेला सामना, हे खेळताना लक्षात असू द्या.

पेनल्टीचा जिना असा आहे. पहिली फक्त नोंदवली जाते, दुसरीला समोरच्याला ॲडव्हान्टेज, तिसरीला समोरच्याला २ गुण, चौथीला बाद. सगळ्यात जास्त पेनल्टी वेळकाढूपणाच्या. साधारण २० सेकंद तुम्ही पुढे सरकायचा काहीच प्रयत्न केला नाही तर रेफरी खूण करतो. क्लोज्ड गार्डमध्ये (वरच्याच्या कमरेभोवती पाय बांधून) वरच्याला मिठी मारून पडून राहणारा, आणि त्याच गार्डमध्ये डोकं खाली घालून घड्याळ पाहणारा, दोघंही यात सापडतात. माउंटखाली किंवा साइड कंट्रोलखाली (बाजूने छातीवर दाब) अडकलेल्याला मात्र वेळकाढूपणाची पेनल्टी नाही. तो बचावच करणार. मॅटच्या बाहेर पळून स्वीप चुकवली तर समोरच्याला २ गुण आणि तुम्हाला पेनल्टी. सबमिशनमधून सुटण्यासाठी मुद्दाम बाहेर गेलात तर थेट बाद.

आता जिथे मी सर्वात जास्त कडक आहे तिथे येतो. कोणत्या बेल्टला कोणती पकड चालते, हे स्पर्धेला जाण्याआधी प्रत्येकाने वाचलंच पाहिजे. प्रौढ व्हाइट बेल्टला पायाच्या पकडींपैकी फक्त सरळ फूट लॉक (घोटा ताणणारी पकड) चालतो. मनगटाचे लॉक ब्लू बेल्टपासून. नी-बार (गुडघा ताणणं), टो-होल्ड (पाऊल पिळणं), पोटरी आणि दंडाचे स्लायसर (स्नायू चेपणं) ब्राउन आणि ब्लॅकला. हील हुक (टाच धरून गुडघा पिळणं) गीमध्ये कोणालाच नाही. नो-गीमध्ये, म्हणजे गीशिवायच्या लढतीत, प्रौढ ब्राउन आणि ब्लॅक बेल्टना २०२१ पासून परवानगी आहे. व्हाइट बेल्टने उडी मारून क्लोज्ड गार्ड बांधला तर तोही फाउल, कारण उडी मारणाऱ्याचं सगळं वजन उभ्या माणसाच्या गुडघ्यावर पडतं. समोरच्याला उचलून आपटणं आणि कात्रीसारखे पाय टाकून पाडणं कोणत्याही बेल्टला नाही. मानेचा चोक चालतो, मान मुरगाळणं चालत नाही. लहान मुलांच्या गटांत ही यादी आणखी लांब आहे.

रीपिंग हा असा फाउल आहे ज्यात माणूस नकळत सापडतो. समोरच्याचा पाय तुमच्या काखेत आहे आणि तुमची मांडी त्याच्या त्या पायामागून येऊन पाऊल त्याच्या शरीराच्या मध्यरेषेपलीकडे गेलं, तर त्याच्या गुडघ्यावर बाहेरून आत पीळ बसतो. गीमध्ये यासाठी बाद करतात. फूट लॉक लावताना न पकडलेल्या पायाच्या दिशेने वळणंही याच कारणाने बंद आहे. हे नियम खेळ मिळमिळीत करण्यासाठी केलेले नाहीत. कोपराच्या लॉकमध्ये दुखायला लागल्यावर टॅप करायला वेळ मिळतो. गुडघ्याला पीळ बसतो तेव्हा दुखेपर्यंत लिगामेंट गेलेलं असू शकतं, आणि कुठली वेदना धोक्याची आहे हे ओळखायला काही वर्षांचा सराव लागतो. बेल्टनुसार पायऱ्या त्यासाठी आहेत.

टॅपबद्दलही स्पष्ट असा. समोरच्याला, मॅटला किंवा स्वतःला दिसेल असं हाताने थोपटायचं. हात अडकले असतील तर पायाने किंवा तोंडाने. पकडीत असताना वेदनेने ओरडलात तर तोही टॅपच धरतात, मग तुमच्या मनात काही का असेना. मी व्हाइट बेल्टच्या सामन्यात कोपर सरळ झालेलं दिसलं की टॅपची वाट पाहत नाही, थांबवतो. त्यावर स्पर्धक नाराज होतात. होऊ देत.

दुसऱ्या नियमावल्यांत पहिल्या सामन्याच्या सवयी घेऊन जाऊ नका. जेजेआयएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय जुजित्सू महासंघाच्या स्पर्धांमध्ये ने-वाझा (जमिनीवरची लढत) हा प्रकार तुमच्या ओळखीचा वाटेल, गुणांचा जिना जवळपास हाच आहे. पण त्यांचा फायटिंग सिस्टीम हा प्रकार पूर्ण वेगळा. ३ मिनिटांची लढत, तिचे तीन भाग: ठोसे आणि लाथा, मग पकड आणि फेक, मग जमीन. नियंत्रित, न अडवलेला फटका पूर्ण गुणाचा, अर्धवट अडवलेला निम्म्याचा, आणि एकाने पकड घेतली की फटके बंद. तिन्ही भागांत इप्पॉन (पूर्ण गुणाचा डाव) मिळवला तर सामना तिथेच संपतो. तिथे नुसता जमिनीवरचा तज्ज्ञ टिकत नाही. एडीसीसी या नो-गी स्पर्धेच्या नियमांत सामन्याच्या पहिल्या भागात गुणच नसतात आणि गुण सुरू झाल्यावर गार्ड ओढणाऱ्याला उणे गुण बसतो. तिथे पोटाभोवती पायांची कैची करून घेतलेल्या बॅकलाही गुण आहेत. आयबीजेजेएफमध्ये तीच पकड शून्याची, दोन्ही टाचा मांड्यांच्या आत अडकलेल्या दिसल्याच पाहिजेत. केवळ सबमिशनवर निकाल लावणाऱ्या स्पर्धाही असतात. तिथे तुमचे चार मिनिटांचे दाब आणि समोरच्याचा स्वीप, दोन्ही सारखेच कवडीमोलाचे ठरले असते.

वजनाचं एक वाक्यात सांगतो, कारण यावर मुलं घरी परत गेलेली पाहिली आहेत. आयबीजेजेएफच्या पद्धतीत पहिल्या लढतीच्या तोंडावर एकदाच वजन होतं, तेही गीसह, आणि जास्त भरलं तर दुसरी संधी नाही.

राहिली तक्रार. या नियमांत रेफरीचा निर्णय अंतिम असतो आणि सामना संपल्यावर तो फार थोड्या कारणांनी बदलता येतो. बोर्डावरचे गुण चुकीचे वाचून भलत्याचाच हात वर केला असेल. विजेत्याने बेकायदा पकडीने टॅप करवून घेतलं आणि ते रेफरीला दिसलं नसेल. किंवा कायदेशीर पकडीसाठी कोणाला चुकून बाद केलं असेल. अशा वेळी कोचने लगेच, पुढचा सामना लागण्याआधी टेबलाकडे जायला हवं. तुमचा मुद्दा यांपैकी नाही. दुसऱ्या पासला तीन सेकंद भरले की अडीच, हे पाहणं आणि ठरवणं रेफरीचं काम आहे. व्हिडिओत घड्याळ लावून साडेतीन निघाले तरी निकाल बदलत नाही, कारण ताबा नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला हेही त्यानेच ठरवायचं असतं. व्हिडिओ मात्र जरूर पाहा. दुसऱ्या पासनंतर त्याचा गुडघा कुठून आत आला, ते त्यात दिसेल.